सही करण्याआधी एकदा झाडाखाली जाऊन या

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"आमच्या ३६ घरांच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. फाटकाबाहेर महापालिकेच्या फुटपाथवर एक मोठा रेन ट्री आहे, इमारतीच्याच वयाचा, म्हणजे चाळीसेक वर्षांचा. त्याच्या मुळांनी पेव्हर ब्लॉक उचकटलेत. गेल्या महिन्यात चेअरमनांच्या पत्नी तिथं अडखळून पडल्या, मनगट मोडलं. गेल्या पावसाळ्यात एक जाड फांदी उभ्या स्कूटरवर पडली होती. आता झाड तोडून घ्यायचा अर्ज तयार आहे आणि ३१ घरांच्या सह्या झाल्यात. वॉर्डातले एक कार्यकर्ते म्हणतात, 'सह्या आणा, बाकीचं मी बघतो, बदल्यात दहा रोपं लावू.' फक्त सेक्रेटरी म्हणून माझी सही राहिली आहे. सकाळी शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं त्याच झाडाखाली उभी असतात. सही केली तर मला झोप लागणार नाही. नाही केली आणि उद्या झाड कोणावर पडलं तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. दिसायला तर झाड हिरवंगार आहे. एकानं सुचवलं, परवानगीच्या भानगडीत न पडता बुंध्याला भोकं पाडून औषध घाला, आपोआप वाळेल. मी काय करू?"

ताई,

आधी त्या औषधाचं बोलते, कारण ते थांबवायला उद्यापर्यंत वाट बघू नका. महाराष्ट्रातल्या शहरांना झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा लागू आहे आणि त्यात 'झाड तोडणं' म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नव्हे. जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा: विष घातलेलं झाड एका रात्रीत नाहीसं होत नाही. ते उभ्या उभ्या मरतं, महिनोन्‌महिने. वाळलेल्या फांद्या वारा नसतानाही खाली येतात, आणि खाली तुमच्या शाळेच्या बसची मुलं. ज्यांना आज झाडाची भीती वाटते त्यांनीच उद्या ते खरोखर धोकादायक करून ठेवायचं, असा हा उपाय आहे. सुचवणाऱ्यांना हे एवढंच शांतपणे सांगा, आणि कमिटीच्या बैठकीत सांगा, म्हणजे इतिवृत्तात येईल.

आता तुमची भीती. ती खरी आहे. मोडलेलं मनगटही खरं आहे. झाडांवर जीव असलेली माणसं अशा वेळी एक चूक हमखास करतात. ज्याला लागलं त्यालाच झाडाचा वैरी ठरवतात आणि मग सोसायटीत दोन तट पडतात. तुम्ही तसं केलेलं नाही, म्हणून तुमचं पत्र मला आवडलं.

मात्र पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. ३१ सह्या आहेत, अर्ज आहे, दहा रोपांचं आश्वासन आहे. झाड कोणी तपासलं, हे कुठंच नाही. त्याला काय झालंय, काही झालंय का, हे न बघताच निकाल लागलाय. तुमच्या बाजूनंही तसंच झालंय. शेजारी म्हणतात जुनं झाड आहे, पडणारच. तुम्ही म्हणता हिरवंगार आहे, म्हणजे ठणठणीत. दोन्ही अंदाजच.

झाडाचा जिवंत भाग सालीखालच्या पातळ थरात आणि त्याच्या आतल्या काही वर्षांच्या लाकडात असतो. गाभा कुजला तरी पानं हिरवीच राहतात. म्हणून हिरवेपणावर विसंबू नका. उलट, पोकळ झालेला बुंधा पडेलच असंही नाही. बाजूचं लाकूड पुरेसं जाड आणि सलग असेल तर नळीसारखा तो कित्येक वर्षं भार पेलतो. वयाचं म्हणाल तर चाळीस हे रेन ट्रीचं म्हातारपण मुळीच नाही.

मग शहरातली झाडं का पडतात? आमच्या गल्लीत तीन वर्षांपूर्वी एक पेल्टोफोरम पावसात आडवा झाला. मी सकाळी छत्री घेऊन बघायला गेले. मुळांचा गड्डा आकाशाकडे तोंड करून उभा होता. एका बाजूची मुळं लांब, फाटलेली, त्यांना अजून माती लगडलेली. रस्त्याकडच्या बाजूची मात्र सगळी एका ओळीत कापलेली, बुंध्यापासून हातभर अंतरावर, करवतीनं कापावीत तशी सपाट. आणि ते काप काळे पडून कुजलेले, म्हणजे जखम जुनी होती. आदल्या वर्षी तिथं केबलची खोदाई झाली होती. भोवती उभे असलेले लोक म्हणत होते, झाड म्हातारं झालं होतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. त्याचा एक पाय आम्हीच कापला होता आणि वर्षभर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

म्हणून सही करायची की नाही हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा आणि एका सकाळी झाडाखाली जा. पानं बघू नका, आधी खाली बघा. बुंधा जमिनीत शिरतो तिथं तो पसरट होत गेलेला दिसायला हवा. खांबासारखा सरळ जमिनीत जात असेल तर त्यावर भर घातलेली आहे किंवा काँक्रीट अगदी सालीपर्यंत भिडलंय. बुंध्याजवळ किंवा मुळांवर फळीसारखी अळंबी उगवली आहेत का? ती आतल्या कुजण्याची खूण असते. एका बाजूची माती फुगून भेग पडली आहे का? झाड आधीपासून कललेलं असेल तर एवढ्यानं घाबरू नका, कललेली झाडं उलट्या बाजूनं लाकूड आणि मुळं भक्कम करत उभी राहतात. पण कल हल्ली वाढला असेल आणि माती उचलली गेली असेल तर त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला आणि अग्निशमन दलाला कळवा. जीविताला तातडीचा धोका असेल तर कारवाईची वेगळी सोय आहे, नेहमीच्या अर्जाच्या रांगेत थांबावं लागत नाही. मग वर बघा. जिथून फांदी पडली ती जागा शोधा. शेंड्याकडच्या फांद्या वाळल्यात का, दोन जाड फांद्या एकमेकींना चिकटून इंग्रजी व्हीसारख्या फुटल्यात का आणि मध्ये साल आत दबली आहे का, ते बघा. बुंध्यात खिळे, पाट्या, आवळलेल्या तारा असतील तर त्यांचेही फोटो घ्या. फोटोवर तारीख येईल असं बघा.

तुम्ही तज्ज्ञ व्हावं म्हणून हे सांगत नाही. अर्जात काय लिहायचं ते डोळ्यांनी बघितलेलं असावं, एवढ्यासाठी.

आता अर्ज, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ मला तिथं दिसते. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडाची फाइल उघडते ती बहुधा कोणाला तरी ते तोडायचं असतं तेव्हा. चाळीस वर्षं ते सावली देत असतं, तेव्हा त्याच्या नावानं एक कागद हलत नाही. कायद्यात मात्र देखभाल आहे. पालिकेचं वृक्ष प्राधिकरण असतं, वृक्ष अधिकारी असतो, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. तुमच्या झाडाचीही नोंद व्हायला हवी: जात, घेर, उंची, अवस्था. ही यंत्रणा झाडं तोडायची परवानगी देण्यापुरती नाही. झाडं जपणं हे तिचं पहिलं काम आहे, आणि ते तिच्याकडून मागून घ्यावं लागतं.

तेव्हा तुम्ही दुसरा अर्ज लिहा. वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे, उद्यान विभागाकडे, सोसायटीच्या लेटरहेडवर. पडलेली फांदी, झालेला अपघात, उचकटलेले ब्लॉक, तुम्हाला दिसलेल्या खुणा, सगळं तारखांसह. मागणी तीन गोष्टींची: झाडाची प्रत्यक्ष पाहणी करून लेखी अहवाल द्यावा, आवश्यक तेवढी शास्त्रीय छाटणी करावी, आणि बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढून फुटपाथ दुरुस्त करावा. शेवटच्या मागणीची एक प्रत रस्ते विभागालाही द्या, नाहीतर दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पंधरा दिवसांत कोणी आलं नाही तर स्मरणपत्र, आणि त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज: गणनेतली या झाडाची नोंद, शेवटची पाहणी कधी झाली, छाटणी कोणत्या ठेक्यात झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कित्येकदा त्या अर्जाची नुसती चाहूल लागली तरी माणूस पाहणीला येतो.

तुम्ही लिहिलंत, पडलं तर जबाबदार मी. झाड सार्वजनिक फुटपाथवर आहे, त्याची देखभाल पालिकेची. तुमच्या हातात आहे ते कळवणं. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला होता. भरपाईचा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ साली निकाल पालिकेच्या बाजूनं लागला. झाड पडायला आलंय याची पालिकेला कल्पना होती, हे त्यात पुढे आलं नव्हतं. एका घराचा कर्ता गेला आणि हाती काही लागलं नाही. मी वकील नाही, पण हे वाचल्यापासून मला पोच घेतलेल्या साध्या कागदाचं मोल फार वाटतं. झाडाची अवस्था लेखी कळवली असेल, तर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायला कोणाला जागा उरत नाही. तुमची जबाबदारी या कागदानं पार पडते. झाड तोडा म्हणणाऱ्या सहीनं ती पार पडत नाही.

पाहणीनंतर छाटणी ठरली तर त्या दिवशी घरी थांबा, हे मी विनवून सांगते. ठेकेदाराची माणसं बहुतेकदा शेंडा उडवून झाड बोडकं करतात, कारण ते सोपं आणि झटपट होतं. लोकांनाही वाटतं, चला, वजन कमी झालं. पण बोडक्या खोडांवर महिन्याभरात फुटव्यांचे झुपके येतात. ते वरवरच्या थरातून आलेले असतात, त्यांची पकड कच्ची असते, आणि चार-पाच वर्षांत तेच जाड होऊन वाऱ्यात उन्मळतात. खाली कापलेली टोकं कुजत असतात ती वेगळीच. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. ते त्याला जमावं म्हणून फांदी बुंध्याला मिळते तिथला फुगीर कंगोरा शाबूत ठेवून, त्याच्या किंचित बाहेर काप घ्यायचा असतो. जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढं वरून, आणि वजन उतरल्यावर शेवटचा काप, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. एका वेळी पानोळ्याच्या, म्हणजे वरच्या सगळ्या पानाफांद्यांच्या, चौथ्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही. आणि तारांच्या बाजूचंच सगळं कापून झाड एकीकडे जड करायचं नाही. हे तुम्ही गच्चीतून ओरडून सांगू शकणार नाही. आधी लेखी मागा आणि त्या दिवशी नम्रपणे आठवण करून द्या. डांबर किंवा रंग फासायचा आग्रह कोणी धरला तर नको म्हणा, त्यानं कुजणं थांबत नाही.

फुटपाथचं काम मात्र मला सगळ्यात सोपं वाटतं, आणि तुमच्या सोसायटीचं दुखणं मुळात तेच आहे. मुळं मुद्दाम ब्लॉक उचलत नाहीत. बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच पसरतात, पानोळ्याच्या घेराच्याही पुढे, कारण हवा आणि पाणी तिथं असतं. सगळीकडे काँक्रीट झालं की ब्लॉकखालच्या ओलसर फटीत ती शिरतात आणि जाड होत जातात. ठेकेदार सांगेल, मुळं छाटून वर सपाट करून देतो. तेच होऊ द्यायचं नाही. आमच्या पेल्टोफोरमची गोष्ट तिथूनच सुरू झाली होती. बुंध्याभोवती निदान मीटरभर जागा मोकळी करून घ्या. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये हाच आदेश दिला होता: बुंध्याभोवतीच्या एक मीटरमधलं काँक्रीट काढा, खिळे, फलक, तारा उतरवा. तो तुमच्या पत्राला जोडता येईल. मोकळ्या जागेच्या बाहेर ब्लॉक उचलून, मुळं तशीच ठेवून, त्यावरून हलका चढउतार देत खडी आणि ब्लॉक पुन्हा बसवता येतात. पदपथ थोडा वळवता आला तर आणखी उत्तम. तोवर उंच झालेल्या कडेला पिवळा पट्टा मारून घ्या आणि तिथला दिवा चालू आहे का बघा. हे तर या आठवड्यातही होईल.

आता त्या दहा रोपांबद्दल, कारण कोणाच्याही विरोधाची धार या आश्वासनानं बोथट होते. पहिली गोष्ट, हिशेबच चुकलाय. १९७५ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी झाडं लावावी लागतात. चाळीस वर्षांचं झाड, तर चाळीस. वय ५० किंवा त्याहून जास्त निघालं तर ते वारसा वृक्षात मोडतं आणि नियम आणखी कडक होतात, तेव्हा वयाचा अंदाज अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. पण चाळीस लावली तरी काय? तुमच्या झाडाचा पानोळा १५ मीटर रुंद धरा. नव्या रोपाचा एक मीटर धरला, तोही सढळ हातानं, तरी तेवढी जमीन झाकायला २२५ रोपं लागतील. ती जगली तर. आणि ती तुमच्या फाटकासमोर लागणार नाहीत, जिथं जागा मिळेल तिथं लागतील. सावली ही जागेवरची गोष्ट आहे. भर उन्हात तापलेल्या पृष्ठभागापेक्षा सावलीतला पृष्ठभाग ११ ते २५ अंशांनी थंड असू शकतो. बसची वाट बघणाऱ्या मुलांना दुसऱ्या वॉर्डातल्या रोपाचा काय उपयोग?

कोणी तुम्हाला असंही सांगेल की रेन ट्री मुळात परदेशी, गेला तर गेला. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आला हे खरं. नवी झाडं लावताना करंज, बकुळ, कडुनिंब, ताम्हण निवडावीत असं मलाही मनापासून वाटतं, आणि तुमच्या फुटपाथवर जागा असेल तर दोन आजच लावा, म्हणजे पुढच्या पिढीची सोय होईल. पण चाळीस वर्षं उभ्या असलेल्या झाडाला जन्मगाव विचारून घालवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

पाहणीत झाड खरोखर धोकादायक ठरलं तर? तर मान्य करा. गाभा कुजून बाजूचं लाकूड पातळ झालं असेल, मुळं एका बाजूनं गेली असतील, तर मुलांच्या डोक्यावर ते ठेवण्याचा हट्ट मी तुम्हाला कधीच करू देणार नाही. तेव्हा तुमची सही निश्चिंत मनानं करा. फक्त अर्जावर 'पाहणी अहवालानुसार' असं लिहा, झाडावर नोटीस लागते का बघा, आणि भरपाईची झाडं कुठं लावणार हे विचारत राहा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९९ पासून प्रत्येक गावाला झाडांसाठी एक अधिकारी नेमावा लागतो, आणि रस्त्याकडेचं सार्वजनिक झाड तोडण्याआधी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. आपल्याकडची नोटीसही त्याचसाठी आहे. बुंध्यावर चिकटवलेला कागद लोक वाचत नाहीत, म्हणून ती कागदावरच राहते. तुम्ही हरकत नोंदवली किंवा नुसता प्रश्न विचारला तरी त्या प्रक्रियेत जीव येतो.

(ग्रामपंचायत हद्दीतल्या वाचकांसाठी: तिथं १९६४ चा वेगळा वृक्षतोड कायदा आहे, म्हणून आधी ग्रामपंचायत कार्यालयात आणि वन विभागाकडे चौकशी करा. पाहणी, लेखी अहवाल, पोच हा क्रम तुम्हालाही उपयोगी पडेल.)

राहिल्या त्या ३१ सह्या. त्या फाडायला सांगू नका, लोक दुखावतील. सभा बोलवा, झाडाचे फोटो दाखवा, तुमचा दुसरा अर्ज वाचून दाखवा आणि म्हणा, आधी हा जाऊ दे, अहवाल आला की तोडण्याचा अर्ज पुन्हा समोर ठेवू. मला वाटतं, सही करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना झाड नको नव्हतं, त्यांना न अडखळता घरी यायचं होतं.

आणि तुमच्या पत्रात एका माणसाचं मत कुठंच नाही. जिचं मनगट मोडलं, तिचं. चेअरमन बोलले, शेजारी बोलले, कार्यकर्ते बोलले. त्यांना कोणी विचारलं का, की वहिनी, झाड काढायचं का? आधी त्यांच्याकडे जा, हाताची चौकशी करा आणि विचारा. मग पाहणीला अधिकारी येतील त्या दिवशी त्यांच्यासाठी फाटकापाशी सावलीत खुर्ची टाका. पाय नेमका कुठं अडकला, ते त्यांनाच दाखवू द्या.